पिस्टनखालचा फवारा : बिनटर्बो डिझेल ब्लॉकमधील एका बदलाचा इतिहास

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ साली आपल्या इंजिनाच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी त्यामागची उपपत्ती पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा या इंजिनाला पाण्याने थंड करावे लागणार नाही असा त्यांचा हिशेब होता. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, आणि इंधन इतके सावकाश सोडायचे की ते जळताना तापमान फारसे चढू नये, असे त्या उपपत्तीचे सूत्र असल्यामुळे सिलिंडरभोवती पाणी खेळवणे म्हणजे कमावलेली उष्णता फुकट घालवणे ठरत होते. आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात १८९३च्या उन्हाळ्यात चाचणीसाठी उभे राहिलेले पहिले यंत्र त्यामुळे पाण्याच्या वेष्टणाशिवायच बांधलेले होते. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात इंधन पेटले, दाब मोजणारे उपकरण फुटले, पण यंत्र स्वतःच्या बळावर चालले नाही. नंतरच्या बांधणीत सिलिंडरला पाण्याचे वेष्टण द्यावे लागले. म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी १७ फेब्रुवारी १८९७ रोजी ज्या इंजिनाची रीतसर चाचणी घेऊन २६.२ टक्के कार्यक्षमता नोंदवली, ते पाण्याने थंड होणारे इंजिन होते. उपपत्तीने नाकारलेली शीतनाची गरज व्यवहाराने अशी चार वर्षांतच मान्य करायला लावली.

सिलिंडरच्या भिंतीभोवती पाणी फिरवणे सोपे, कारण भिंत जागची हलत नाही. पिस्टन मात्र मिनिटाला शेकडो, आणि पुढच्या काळात हजारो, वेळा खालीवर होतो, आणि ज्वाळेचा मारा नेमका त्याच्या माथ्यावर बसतो. माथ्यात शिरलेल्या उष्णतेला बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्या आहेत: पिस्टनच्या खाचांत बसवलेल्या रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीकडे, पिस्टनच्या खालच्या पोकळ अंगातून, म्हणजे स्कर्टमधून, त्याच भिंतीकडे, आणि उरलेली माथ्याच्या खालच्या बाजूने क्रँककेसमधील हवेत व उडणाऱ्या तेलात. मुद्दाम थंड न केलेल्या पिस्टनात निम्म्याहून अधिक उष्णता रिंगांच्या वाटेने जाते. या वाटेवर किती भार पडतो हे कळण्यासाठी इंजिनाची एकूण अश्वशक्ती फारशी उपयोगाची नाही. एका सिलिंडरच्या शक्तीला पिस्टनच्या माथ्याच्या क्षेत्रफळाने भागून दर चौरस सेंटिमीटरमागे किती वॉट पडतात हे काढले, तर वेगवेगळ्या काळांतील आणि आकारांतील इंजिने एका रांगेत ठेवता येतात. १८९७च्या आउग्सबुर्ग इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास २५० मिलिमीटर आणि शक्ती सुमारे २० अश्वशक्ती होती, म्हणजे हा भार दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३० वॉट भरतो. एवढ्याला ओतीव लोखंडाचा पिस्टन आणि त्याच्या रिंगा पुरेशा होत्या.

पिस्टन थंड करण्याची निकड प्रथम भासली ती जहाजांना, आणि तीही भारापेक्षा आकारामुळे. सिलिंडरचा व्यास वाढला की माथ्याच्या मध्यापासून भिंतीपर्यंतची वाट लांबते, दाब पेलण्यासाठी माथा जाड करावा लागतो, आणि जाड माथ्याची वरची बाजू खालच्या बाजूहून इतकी अधिक तापते की त्या ताणानेच धातूला भेगा जातात. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील मोठ्या जहाजी इंजिनांत पिस्टन पोकळ करून त्यात पाणी किंवा तेल फिरवले जाऊ लागले. चालत्या पिस्टनात द्रव नेण्यासाठी एकात एक सरकणाऱ्या नळ्या वापरत. एक नळी इंजिनाच्या सांगाड्याला पक्की, दुसरी पिस्टनाबरोबर वरखाली होणारी, आणि दोहोंच्या सांध्यावर गळती थोपवणारे पॅकिंग. हे पॅकिंग झिजणे हीच त्या काळच्या इंजिन-खोलीतील नित्याची डोकेदुखी होती. पाणी उष्णता चांगली वाहून नेते, पण ते गळून वंगणात मिसळले तर बेअरिंगांचा नाश ठरलेला. तेल गळले तरी घरचेच, पण ते फार तापले की माथ्याच्या आतल्या बाजूवर त्याचा कोळसा बसतो आणि तो थर पुढे उष्णतेलाच अडवतो. कोपनहेगनच्या बुर्माइस्टर आणि वाइन कंपनीने तेलाची बाजू घेतली, तर विंटरटूरच्या सुल्झरने कितीतरी दशके पाण्याची. आपल्या आरटीए मालिकेत सुल्झरही १९८०च्या दशकात तेलाकडे वळली, तेव्हा हा वाद व्यवहारात तरी मिटला.

जहाजी इंजिनांना पाण्याचा पर्याय उपलब्ध होता, तो त्यांच्या रचनेमुळे. त्यांत पिस्टनाला दांडा असतो, दांड्याखाली क्रॉसहेड नावाचा सरकता सांधा असतो, आणि सिलिंडर व क्रँककेस यांच्यामध्ये पडदा घालता येतो, त्यामुळे गळालेले पाणी वंगणापासून दूर ठेवता येते. मालमोटारी, ट्रॅक्टर आणि मोटारगाड्या यांच्या बुटक्या इंजिनांत अशा पडद्याला जागाच नाही. पिस्टन थेट कनेक्टिंग रॉडला जोडलेला आणि त्याच्या खाली उघडे तेलाचे तळे. अशा इंजिनाचा पिस्टन थंड करायचा तर वंगणाच्या तेलानेच करावा लागतो, दुसरा मार्ग नाही. लहान डिझेल इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पुढे जे फेरफार झाले, त्या सर्वांचे मूळ या अडचणीत आहे.

तरीही बराच काळ हा मार्ग कोणाला चोखाळावा लागला नाही. मानहाइमच्या बेंझ कारखान्यात प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ साली पूर्वकक्षाचे पेटंट मिळवले. इंधन प्रथम हेडमधील एका लहान कक्षात पेटवून तिथून जळता झोत सिलिंडरमध्ये सोडण्याच्या या युक्तीमुळे डिझेल इंजिन लहान आणि वेगवान करता येऊ लागले. बॉशच्या इंधनपंपाचे नियमित उत्पादन १९२७मध्ये सुरू झाले. याच सुमारास श्टुटगार्टजवळ माल बंधूंच्या कंपनीने हलक्या मिश्रधातूच्या पिस्टनांचा जम बसवला. अ‍ॅल्युमिनियमची मिश्रधातू लोखंडापेक्षा उष्णता कितीतरी पटींनी लवकर वाहून नेते, म्हणून माथा थंड राहतो. पण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तिची ताकद निम्म्याहून खाली येते, आणि वरच्या रिंगेची खाच ठोके खाऊन सैल होते. खाचेत ओतीव लोखंडाचे कडे बसवलेले पिस्टन १९३०च्या दशकात आले ते यासाठीच. बर्लिनच्या प्रदर्शनात १९३६ साली मांडलेली मर्सिडीज-बेंझ २६० डी ही डिझेल मोटारगाडी ४५ अश्वशक्तीची होती. ९० मिलिमीटर व्यासाच्या तिच्या चार पिस्टनांवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १३० वॉट भार येत होता. चाळीस वर्षांत भार चौपटीहून अधिक वाढला, तरी बदल झाला तो पिस्टनच्या धातूत. ब्लॉकला हात लावावा लागला नव्हता.

हे गणित बिघडवणारी कल्पना तोवर तीस वर्षांची जुनी झाली होती. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून त्याने आत येणारी हवा दाबण्याचे, म्हणजेच टर्बोचे, पेटंट १९०५ साली घेतले होते. १९२०च्या दशकाच्या मध्यात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर त्यांची ही योजना बसली, आणि १,७५० अश्वशक्तीची इंजिने २,५०० अश्वशक्ती देऊ लागली. टर्बोमुळे पिस्टन तापतो असे सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. इंधन तेवढेच ठेवून हवा तेवढी वाढवली, तर डिझेल इंजिनातील ज्वलन उलट थोडे थंड होते, कारण तीच उष्णता अधिक हवेत वाटली जाते आणि धूरही कमी तापतो. पिस्टन तापतो तो या जादा हवेच्या भरवशावर पंपाचा स्क्रू फिरवून जादा इंधन सोडल्यामुळे. आणि जादा इंधन सोडायचे नसेल तर टर्बो बसवण्याचा खटाटोप सहसा कोणी करत नाही.

एकाच इंजिनाचा बिनटर्बो अवतार आणि टर्बो अवतार शेजारी ठेवून पाहायचे असतील, तर मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१७ या इंजिनाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. २४० डी गाडीच्या ओएम ६१६ या चार सिलिंडरी इंजिनाला पाचवा सिलिंडर जोडून हे इंजिन १९७४ साली सिद्ध झाले. ९१ मिलिमीटर व्यास, ९२.४ मिलिमीटर स्ट्रोक, तीन लिटर घनफळ आणि ८० अश्वशक्ती. पिस्टनावरचा भार दर चौरस सेंटिमीटरला १८० वॉटच्या आसपास येतो, आणि ६५ अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी ओएम ६१६चाही जवळपास तेवढाच. दोन्हींत पिस्टनाखाली काहीही नव्हते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधून निसटून क्रँकने उधळलेले तेल माथ्याच्या खालच्या बाजूला लागेल तेवढे लागेल, असा सगळा मामला होता. याच पाच सिलिंडरी इंजिनाला टर्बो आणि हवा थंड करणारा इंटरकूलर जोडून कंपनीने सी १११ या प्रायोगिक गाडीत ते बसवले, आणि जून १९७६मध्ये दक्षिण इटलीतील नार्दोच्या वर्तुळाकार धावपट्टीवर ताशी २५० किलोमीटरांहून अधिक सरासरीने ती गाडी अडीच दिवसांहून अधिक काळ पळवली. त्या इंजिनाची शक्ती १९० अश्वशक्ती, म्हणजे पिस्टनावरचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३० वॉट होता. विक्रमासाठी बांधलेले इंजिन दोनतीन दिवस तगले म्हणजे पुरते. गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे इंजिन वर्षानुवर्षे तगावे लागते, आणि हा फरक कंपनीने नीट ओळखला होता.

टर्बो डिझेल गिऱ्हाइकाच्या हाती गेले ते अमेरिकेतील कायद्यामुळे. १९७५च्या ऊर्जा धोरण कायद्यान्वये प्रत्येक मोटारकंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर १९७८च्या मॉडेलांपासून बंधन आले, आणि मोठ्या पेट्रोल गाड्या विकणाऱ्या कंपनीला ती सरासरी राखण्यासाठी एखादी मोठी डिझेल गाडी हवीच होती. १९७८ साली बाजारात आलेली ३०० एसडी ही टर्बो डिझेल इंजिनाची पहिली उत्पादित मोटारगाडी. तिची शक्ती ११५ अश्वशक्ती, पिस्टनावरचा भार २६० वॉट. या वाढीसाठी कंपनीने ब्लॉकमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या तळाशी तेलाची एक तोटी बसवली आणि ती इंजिनाच्या मुख्य तेलवाहिनीला, म्हणजे ब्लॉकच्या अंगातून लांबीभर जाणाऱ्या ऑइल गॅलरीला, जोडली. पण त्याबरोबर बदललेल्या इतर गोष्टींची यादी अधिक बोलकी आहे. पिस्टनच्या माथ्यात, रिंगांच्या मागे, कड्याच्या आकाराची पोकळी ओतली गेली, तिला खालून एक तोंड ठेवले गेले आणि तोटीचा नेम त्या तोंडावर धरला गेला. क्रँकशाफ्टला नायट्राइडिंग करून तिचा पृष्ठभाग कठीण केला गेला. धुराच्या झडपांच्या दांड्यांत सोडियम भरले गेले. आणि तेलाचा पंप अधिक तेल देणारा केला गेला. बाहेरून तोच दिसणारा ब्लॉक आतून दुसऱ्याच व्यवस्थेचा भाग झाला होता.

माथ्यातील त्या पोकळीचे काम समजून घेण्याजोगे आहे. ती तेलाने पूर्ण भरलेली ठेवत नाहीत. अर्धी भरलेली ताकाची बाटली जोराने हलवावी तसे तेल पिस्टनच्या प्रत्येक फेरीला वरच्या आणि खालच्या भिंतींवर आपटते, आणि या आपटण्यामुळे सरळ वाहणाऱ्या तेलापेक्षा कितीतरी जास्त उष्णता उचलली जाते. नुसता माथ्याच्या खालच्या बाजूवर फवारा मारला तर वरच्या रिंगेच्या खाचेचे तापमान वीसतीस अंशांनी उतरते, पोकळी असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. हे आकडे लहान दिसतात, पण खाच सुमारे २४० ते २५० अंशांच्या पुढे गेली की खनिज तेल तिथे लाखेसारखे चिकटू लागते, रिंग खाचेत अडकते, अडकलेली रिंग उष्णता भिंतीकडे नेत नाही, म्हणून पिस्टन आणखी तापतो, फुगतो आणि अखेर सिलिंडरला धरतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन सीझ होते. जे वीसतीस अंश फवारा वाचवतो, ते नेमके या साखळीच्या पहिल्या कडीपाशी असतात.

फोक्सवागनने १९८२ साली १.६ लिटर टर्बो डिझेल आणले तेव्हा तिथेही हेच घडले. ७६.५ मिलिमीटर व्यासाचे बिनटर्बो इंजिन ५४ अश्वशक्ती देत होते आणि त्यात तोट्या नव्हत्या. टर्बोचे ७० अश्वशक्तीचे, आणि त्याच्या ब्लॉकमध्ये तोट्या होत्या. पिस्टनावरचा भार पहिल्यात सुमारे २१५ आणि दुसऱ्यात २८० वॉट. दोन वेगळ्या कंपन्या, वेगळे आकार, वेगळे ज्वलनकक्ष. तरी पिस्टनाखाली फवारा हवा की नको याची रेघ दोघींनी जवळजवळ एकाच ठिकाणी, २१५ ते २६० वॉटच्या दरम्यान, ओढली. या रेघेला नियमाचा दर्जा देणे घाईचे ठरेल, कारण ज्वलनाची पद्धत, पिस्टनचा धातू आणि इंजिन किती वेळ पूर्ण भाराखाली चालणार यांवर ती सरकते. पण जुना ब्लॉक समोर ठेवून विचार करणाऱ्याला अंदाज बांधायला ती पुरेशी आहे.

महाराष्ट्रातील डिझेल इंजिनांचा इतिहास बहुतांशी या रेघेच्या अलीकडचा आहे. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या शेतीपंपाच्या इंजिनांपैकी सर्वपरिचित एव्ही १ हे ८० मिलिमीटर व्यासाचे, मिनिटाला १,५०० फेऱ्यांचे आणि पाच अश्वशक्तीचे. पिस्टनावरचा भार ७५ वॉटच्या आतबाहेर, म्हणजे १९३६च्या मोटारगाडीहूनही बराच कमी. विहिरीवर तासन्‌तास एकाच भाराखाली चालणाऱ्या आणि बहुधा गावातल्याच मिस्त्रीच्या हाताने उघडल्या-बांधल्या जाणाऱ्या यंत्राला हा संयमच शोभत होता, आणि त्या यंत्रांच्या दीर्घायुष्याचे श्रेय धातूइतकेच या कमी भाराला दिले पाहिजे. टेल्कोचा डाइमलर-बेंझशी १९५४ साली करार झाला, आणि त्या परंपरेतून पुढे आलेल्या ६९७ आणि ४९७ या इंजिनांच्या नावांतच सिलिंडरांची संख्या आणि ९७ मिलिमीटरचा व्यास आहे. ही इंजिनेही प्रथम बिनटर्बो होती, आणि त्यांचे टर्बो अवतार मागाहून आले.

ओएम ६१६चा संबंध तर थेट पुणे परिसराशी आहे. १९५८ साली हांबुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने सुरू झालेल्या आणि पुढे आकुर्डीत वाढलेल्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, हे इंजिन परवान्याखाली बनवले. १९८७ पासूनच्या ट्रॅव्हलरमध्ये आणि त्यानंतरच्या ट्रॅक्समध्ये याच घराण्याची इंजिने धावली. घनफळ वाढवून २,५९६ घन सेंटिमीटर केलेला अवतारही त्याच कुळातला. श्टुटगार्टमध्ये त्याच्या पाच सिलिंडरी भावाला टर्बो आणि फवारे मिळाले, त्याच काळात महाराष्ट्रातील रस्त्यांवर चार सिलिंडरी भाऊ बिनटर्बोच राहिला. भारतात वाहनांच्या धुरावरील युरोपीय धर्तीचे निकष २००० सालापासून लागू होऊ लागले आणि ते टप्प्याटप्प्याने कडक झाले, तेव्हा धूर कमी करण्यासाठी टर्बो सार्वत्रिक झाला. अमेरिकेत सरासरी इंधनवापराच्या कायद्याने जे घडवले, ते इथे धुराच्या निकषांनी घडवले. दोन्हीकडे जादा शक्तीची हौस हे कारण दुय्यम होते.

कारखान्यांनी जे केले ते घरच्या किंवा गल्लीतल्या वर्कशॉपात करून पाहण्याची प्रथा मुख्यतः युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात रुजली. जुन्या मर्सिडीज आणि फोक्सवागन गाड्या तिथे स्वस्तात मिळत होत्या, त्यांच्या बिनटर्बो इंजिनांना भंगारातील टर्बो जोडणे अवघड नव्हते, आणि स्वीडन व फिनलंडमध्ये तर डिझेल गाड्यांची शक्ती कितीतरी पटींनी वाढवण्याची स्वतंत्र हौशी परंपराच उभी राहिली. अशा इंजिनाचा ब्लॉक पूर्ण उघडून त्यात फवाऱ्याची सोय करणे हे त्यातले सर्वांत कष्टाचे काम. क्रँक, पिस्टन, कॅमशाफ्ट सर्व बाहेर काढायचे; ऑइल गॅलरी ब्लॉकच्या कोणत्या अंगाने आणि किती खोलीवर जाते हे नीट मोजायचे; मग क्रँककेसच्या आतून प्रत्येक सिलिंडरच्या तळाशी, जिथे भिंतीचा धातू पुरेसा जाड आहे तिथे, तोटीसाठी सपाट बैठक तयार करायची, गॅलरीपर्यंत भोक पाडायचे आणि त्याला आटे पाडायचे. काही इंजिनांत कारखान्यानेच दुसरी जागा निवडलेली दिसते: क्रँकच्या मुख्य बेअरिंगच्या बैठकीतून तिरपे भोक पाडून तिथून तेल वर मारायचे. ही जागा हाताने साधणे अधिक अवघड, कारण भोक थोडे जरी चुकले तरी बेअरिंगलाच तेल कमी पडते.

भोक पाडताना निघालेला ओतीव लोखंडाचा कीस गॅलरीत राहिला तर पहिल्याच मिनिटात तो बेअरिंगांत जातो, म्हणून गॅलरीची दोन्ही टोकांची बुचे काढून ती ब्रशाने आणि दाबाच्या हवेने साफ करावी लागते. त्यानंतर जागेचा प्रश्न येतो. पिस्टन अगदी खाली आला की त्याचा स्कर्ट तोटीवर आदळू शकतो, त्यासाठी स्कर्टला खाच घ्यावी लागते. क्रँकची वजने आणि कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक तोटीला न घासता फिरते की नाही, हे इंजिन हाताने पूर्ण फेरी फिरवून प्रत्येक सिलिंडरला तपासावे लागते. तोटीचा नेमही महत्त्वाचा: पोकळी असलेला पिस्टन असेल तर तेलाची धार त्या तोंडात बसली पाहिजे, नसेल तर ती माथ्याच्या खालच्या बाजूला लागली पाहिजे, रॉडवर किंवा भिंतीवर पडलेली धार कामाची नाही, उलट भिंतीवरचे जादा तेल रिंगांना खरवडता येत नाही आणि ते जळून धूर होतो.

पण या कामातली खरी मर्यादा ड्रिलच्या कसबाशी निगडित नाही. दीड मिलिमीटर भोकाची एक तोटी तीन बार दाबाला मिनिटाला सुमारे दोन लिटर तेल सोडते. पाच सिलिंडरांना दहा लिटर. हे तेल वंगणाच्या वाट्याचे आहे. पंप तोच राहिला तर इंजिन तापलेले असताना आणि कमी फेऱ्यांवर चालताना दाब आधीच उतरलेला असतो, त्यात ही गळती भर घालते, आणि माथा वाचवण्याच्या नादात बेअरिंग जाते. म्हणून तोटीमागे चेंडू आणि स्प्रिंगची छोटी झडप घालतात, जी ठरावीक दाबाच्या खाली, बहुधा दीड ते दोन बारच्या आसपास, बंदच राहते. दुसरी गोष्ट उष्णतेच्या जमाखर्चाची. मिनिटाला दहा लिटर तेल पिस्टनाखालून वीस अंशांनी तापून परतले, तर सहा किलोवॉटच्या आसपास उष्णता तेलात येते; एरवी जी उष्णता सिलिंडरच्या भिंतीवाटे रेडिएटरच्या पाण्यात गेली असती, ती आता तेलाच्या तळ्यात येते, आणि तेल थंड करणारा कूलर पुरेसा नसेल तर तेच तेल पातळ होऊन सगळ्या इंजिनाला भोवते.

१९७८च्या मर्सिडीज इंजिनातील बदलांची यादी या दृष्टीने पुन्हा पाहिली तर तिचा क्रम लक्षात येतो. तोट्यांसाठी ब्लॉकमध्ये पाडलेली भोके ही त्या यादीतील सर्वांत कमी खर्चाची बाब होती. महाग होता तो पोकळीचा पिस्टन, आणि त्याशिवाय वाढलेल्या भाराचा मोठा भाग पुन्हा रिंगांवरच पडला असता. ज्याला बिनटर्बो इंजिनाला थोडा टर्बोचा हात द्यायचा आहे आणि इंधन मात्र फारसे वाढवायचे नाही, त्याने ब्लॉकला हात लावण्याचे कारण नाही; धुराच्या नळीवर तापमापक बसवून इंधनाचा स्क्रू जागेवर ठेवणे हा त्याच्यासाठी अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. ज्याला दर चौरस सेंटिमीटरमागे अडीचशे वॉटच्या पलीकडे जायचे आहे, त्याने एकट्या ड्रिलवर विसंबू नये: मोठा पंप, तेलाचा कूलर, दाबावर उघडणाऱ्या झडपेच्या तोट्या आणि पोकळीचे पिस्टन हे चारही एकदम हवेत. मर्सिडीज आणि फोक्सवागन यांच्या टर्बो इंजिनांचे ब्लॉक पिस्टनांसह भंगारात मिळत होते तोवर जाणकार मिस्त्री बिनटर्बो ब्लॉक भोसकण्याऐवजी तो अख्खा ब्लॉकच आणून बसवत, आणि खर्चाचा व धोक्याचा हिशेब मांडला तर त्यांचेच बरोबर होते.